तुमचे प्रश्न : शेठने विमा काढला नाही, मग माझ्या हाताचं काय?

प्रश्न : ताई, मी बोदवड तालुक्यातला. दसऱ्यापासून जिनिंगला जातो, हंगाम सरला की शेतमजुरी. 15 जानेवारी 2025 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रात्रपाळीला मशीनमध्ये कापूस अडकला. मुकादम म्हणाला, हातानेच काढ, मशीन बंद केलं तर शेठ ओरडेल. काढायला गेलो आणि उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. शेठने जळगावच्या दवाखान्याचं बिल भरलं, साठ हजार रोख दिले आणि पाचशेच्या स्टॅम्पवर अंगठा घेतला. आता पुढचं विचारायला गेलो तर म्हणतो, ‘कामगारांचा विमा काढलेला नाही, ईएसआय आपल्याला लागत नाही, मी कुठून देऊ?’ भाचा म्हणतो केस कर. गावातले म्हणतात, विमाच नाही तर केस कोणावर करशील? वय 35 पूर्ण. घरात आई, बायको, दोन पोरं. आते काय करो? (पत्र भाच्याने लिहून दिलं आहे. नाव छापू नका.)

उत्तर : भाऊ, भाच्याचं ऐका.

गावातल्यांची समजूत चुकीची आहे, पण ती कुठून आली ते मला कळतं. मोटारसायकलचा अपघात झाला की सगळे आधी विचारतात, गाडीचा विमा होता का? तेच गणित लोक कारखान्याला लावतात. कामगारांच्या बाबतीत कायदा 1923 पासून सरळ आहे : काम करताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची. मालकाने पॉलिसी घेतली असेल तर तो ते पैसे कंपनीकडून वळते करून घेईल. घेतली नसेल तर स्वतःच्या तिजोरीतून देईल, जिनिंग विकून देईल, कसंही देईल. शेठ ‘विमा नाही’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला त्याची अडचण सांगतोय. कोर्टात हा बचाव म्हणून चालत नाही.

ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, मात्र त्याने खरं सांगितलं असावं. तुमच्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या ईएसआयच्या 1948 च्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते, आणि त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग नावानिशी होतं. आपल्या खान्देशातल्या हजारो माणसांचा रोजगार या एका ओळीने ईएसआयच्या बाहेर राहिला. पण त्यातून शेठने काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ईएसआय लागू असतं तर भरपाईची जबाबदारी ईएसआय महामंडळावर गेली असती आणि शेठ सुटला असता. लागू नाही, म्हणून ती पूर्णपणे शेठवर येते. ‘ईएसआय लागत नाही’ हे त्याचं वाक्य अर्जात जरूर लिहा, ते तुमच्याच कामाचं आहे.

कायद्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923. मध्यंतरी 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. तुमचा अपघात त्याच्या दहा महिने आधीचा आहे, त्यामुळे हक्क जुन्या कायद्याप्रमाणेच मोजायचा. कोणी ‘तो कायदा आता रद्द झाला’ म्हणून घाबरवलं तर घाबरू नका.

आता रक्कम. पत्रात तुम्ही लिहिलेली नाही, पण भाच्याने मागच्या पानावर हजेरीचा हिशोब दिलाय तो मी पाहिला : 12 ऑक्टोबरला दसऱ्याच्या मुहूर्तावर लागलात, संक्रांतीपर्यंत 76 हजेऱ्या, रोज 500, म्हणजे 38,000 रुपये. वर्षभर सलग काम नसेल तर कायद्याची रीत अशी की शेवटच्या सलग काळातली एकूण मजुरी घ्यायची, तिला 30 ने गुणायचं आणि त्या काळातल्या एकूण दिवसांनी भागायचं. दसरा ते संक्रांत होतात 95 दिवस. दिवाळीच्या चार-पाच सुट्ट्यांनी हा काळ तुटत नाही, कारण चौदा दिवसांपेक्षा लांब खंड पडला तरच तो तुटला असं मानतात. 38,000 गुणिले 30 भागिले 95, बरोबर 12,000. हा तुमचा महिन्याचा पगार. (त्यावेळची मर्यादा 15,000 होती, तुम्ही तिच्या आतच आहात.)

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, म्हणजे कायद्याने त्या वयासाठी ठरवून दिलेला आकडा. वय 35 साठी गुणांक 197.06. बारा हजारांचे 60 टक्के 7,200, गुणिले 197.06, होतात 14,18,832. एका हाताची चार बोटं गेली तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कमाईची हानी 50 टक्के धरली आहे. म्हणजे 7,09,416 रुपये. शेठने दिलेले साठ हजार कशापोटी दिले ते ठरवून फार तर त्यातून वजा होतील. दवाखान्याचं बिल होणार नाही. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च 2009 च्या दुरुस्तीपासून मालकाने वेगळा द्यायचा असतो.

इथे एक खबरदारी. सामान्य रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र घ्याल तेव्हा त्यावर 40 किंवा 45 असा काही आकडा येऊ शकतो. तो आकडा एसटीच्या सवलतीसाठी, योजनांसाठी. भरपाईत अनुसूचीत बसणाऱ्या इजेला अनुसूचीचाच आकडा लागतो, आणि समोरचा वकील प्रमाणपत्र फडकवून आकडा खाली ओढायचा प्रयत्न करणारच. उलट तुमच्या वकिलाने वर ओढायचा प्रयत्न करावा. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (1976) या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची हानी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण शंभर टक्के मानली. तुम्ही गाठी उचलणारे, कापूस ओढणारे. उजव्या हातात उरलेल्या एका अंगठ्याने ते होत नाही, हे मांडायला हरकत नाही. मान्य होईलच असं समजून कर्ज मात्र काढू नका.

त्याच निकालात दुसरी गोष्ट आहे : भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. आणि सबळ कारण नसताना टाळलं तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. शेठ जितका वेळ काढेल तितकं त्याचं वाढत जाईल, हे त्याच्या मुनीमला कोणीतरी सांगायला हवं.

स्टॅम्पची काळजी सोडा. भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कुठलाही करार या कायद्यात निरर्थक ठरवलेला आहे. तडजोड करायची असेल तर ती भरपाई आयुक्तांपुढे (या कायद्याचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) नोंदवावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी वाटली किंवा दबावाने घेतलेली वाटली तर आयुक्त नोंदणीच नाकारू शकतात. वकिलाच्या टपरीवर टाइप केलेला कागद नोटरीने शिक्का मारला म्हणून तडजोड होत नाही.

मग खरी लढाई कशावर होईल? ‘हा माझा कामगारच नव्हता’ यावर. मी जळगावच्या कामगार न्यायालयात जी प्रकरणं पाहिली, त्यात विम्यावरून कोणी फार वेळ भांडत नाही. आधी सगळे गयावया करतात आणि नोटीस गेली की लेखी जबाबात ओळखच नाकारतात. मस्टरवर नाव नसतं, असलं तर दुसऱ्याच्या सहीने असतं. माझे वडील धरणगावच्या एका जिनिंगमध्ये काटेदार होते. हंगामात तिथे दोन वह्या असत, एक साहेब आला की दाखवायची आणि एक खरी. ती खरी वही बहुधा मुकादमाकडे असते. तिचा फोटो मिळाला तर सोनं.

तो मिळाला नाही तरी बरंच काही असतं. दवाखान्याचा पहिला केसपेपर काढा. हात मशीनमध्ये गेल्याचं डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्याने तसंच लिहिलेलं असतं, आणि ते अपघाताच्या रात्रीचं असल्याने त्याला वजन येतं. काही ठिकाणी शेठचा माणूस सोबत जाऊन ‘घरी कडबा कापायच्या मशीनमध्ये गेला’ असं लिहायला लावतो. तुमच्या पेपरवर काय आहे ते आजच वाचून घ्या. बिल कोणी भरलं त्याची पावती, फोनपेवर आलेली उचल, पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे मेसेज, सोबतच्या दोघा-तिघांची नावं. साठ हजार आणि तो स्टॅम्पसुद्धा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. जो माणूस आपला कामगार नव्हता त्याला शेठने साठ हजार कशाचे दिले, आणि ‘माझी काही तक्रार नाही’ हे त्याच्याकडून कशाला लिहून घेतलं?

दुसरं ते म्हणतील की हा स्वतःच्या चुकीने गेला, चालू मशीनमध्ये हात घातला. निष्काळजीपणा हा या कायद्यात बचाव नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडणं किंवा जाळी-गार्ड मुद्दाम काढून टाकणं, एवढंच चालतं, आणि ते सिद्ध करायचं मालकाने. तुम्हाला तर मुकादमाचाच हुकूम उलटा होता. हे वाक्य साक्षीत जसंच्या तसं सांगा.

जिनिंग शेठच्या स्वतःच्या मालकीची आहे की हंगामापुरती भाड्याने घेतलेली, हेही बघा. आपल्याकडे निम्मे वेळा व्यापारी एक आणि शेडचा मालक दुसरा असतो. शंका असेल तर दोघांनाही गैरअर्जदार करा, मुकादमालाही करा. कोणाकडून किती वसूल करायचं ते त्यांनी आपसात पाहावं.

भरपाई आयुक्तांकडे अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. म्हणजे तुमच्याकडे 14 जानेवारी 2027 पर्यंतचा वेळ आहे, पण पुढचा हंगाम सुरू झाला की साक्षीदार गावोगाव पांगतात, म्हणून आत्ताच करा. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो. त्यावर विसंबू मात्र नका. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

आणि निकालानंतर शेठने हात वर केले तर? विमा नसण्याचा खरा त्रास इथे होतो, कारण कंपनी निदान चेक तरी लिहिते. आयुक्त ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायला लावू शकतात, म्हणजे तहसीलमार्फत जप्ती. शेठने दरम्यान शेड पोराच्या नावावर केली किंवा विकली तरी जुन्या कायद्याच्या 14-अ कलमाने हस्तांतरित स्थावर मालमत्तेवर तुमच्या रकमेचा पहिला बोजा राहतो. म्हणून अर्ज करतानाच शेडचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून जोडा. आता सगळं ऑनलाइन मिळतं, भाचा काढेल.

प्रश्न : आमच्या पाड्यावरचा (ता. तळोदा) 24 वर्षांचा मुलगा मे 2025 मध्ये सुरतेला बांधकामावर स्लॅबवरून पडून वारला. रोज 700 मिळत होते, महिन्यात पंचवीस-सव्वीस दिवस काम. धडगावचा मुकादम घेऊन गेला होता. बिल्डरने अँब्युलन्स करून प्रेत पाठवलं आणि पन्नास हजार दिले. बिल्डर म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो माझ्याकडे काय आहे, विमा बिल्डरने काढायचा होता. मागे बायको, एक वर्षाची मुलगी आणि विधवा आई. सुरतेला कोर्टात जाणं यांना शक्य नाही. लग्नाची नोंद नाही, जमातीच्या रीतीने झालं होतं. मी शाळेत शिक्षक आहे, त्यांच्या वतीने लिहितो आहे.

उत्तर : गुरुजी, सुरतेला जायची गरज नाही. भरपाईचा अर्ज जिथे अपघात झाला तिथे करता येतो, तसाच मृताचे अवलंबित जिथे राहतात तिथेही करता येतो. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या जिल्ह्यासाठी भरपाई आयुक्त म्हणून कोणतं न्यायालय आहे ते विचारून घ्या आणि तिथेच अर्ज लावा. तिकडच्या आयुक्तांना कळवण्याचं काम इथले आयुक्त करतात. अनुसूचित जमाती आणि स्त्री, दोन्ही कारणांनी या कुटुंबाला मोफत वकिलाचा हक्क आहे.

बिल्डर आणि मुकादम यांच्या टोलवाटोलवीवर कायद्याने केव्हाच उत्तर देऊन ठेवलं आहे. बिल्डरच्या धंद्याचं काम त्याच्याच जागेवर ठेकेदाराच्या माणसाने केलं तर भरपाई बिल्डरकडून मागता येते. मग बिल्डरने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘मी ह्याला ओळखत नाही’ म्हणणारा बिल्डर अँब्युलन्सचे पैसे देतो, ही गोष्ट अर्जात पहिल्या पानावर यायला हवी. सुरतेच्या पोलीस ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रमाणित प्रती लागतील. वकिलामार्फत अर्ज पाठवून त्या मिळतात. पंचनाम्यात साइटचं नाव-ठिकाण असतं, आणि तेवढ्यावरून बिल्डर गळाला लागतो.

मृत्यूच्या बाबतीत पगाराच्या 50 टक्के गुणिले गुणांक. पगार महिन्याला 18,000 च्या आसपास गेला तरी मर्यादा 15,000 ची, म्हणून निम्मे 7,500. वय 24 चा गुणांक 218.47. होतात 16,38,525 रुपये, अंत्यविधीचा खर्च वेगळा. पन्नास हजारांत गप्प बसवलेल्या घराला हा आकडा सांगताना जपून सांगा. मागे एका पाड्यावर रक्कम ऐकूनच दिरा-भावजयीत वितुष्ट आलं होतं.

त्यावरही तोडगा कायद्यात आहे. मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात द्यायची नसते, आयुक्तांकडे जमा करायची असते. थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल चालते. विधवा, अज्ञान मुलगी आणि विधवा आई या तिघी अवलंबित आहेत. वाटणी आयुक्त करतात आणि लहानग्या मुलीचा वाटा बहुधा बँकेत मुदत ठेवीत टाकायला सांगतात. भाऊ, काका, मुकादम कोणी मध्ये येऊ शकत नाही. लग्नाच्या नोंदणीवाचून अडणार नाही. ग्रामसभेचा दाखला, दोघांची नावं एकत्र असलेलं रेशनकार्ड, मुलीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव आणि पाड्यावरच्या कारभाऱ्याची साक्ष, एवढं गोळा करा. मुदत मे 2027 पर्यंतची आहे. बिल्डर तोवर साइट संपवून दुसरीकडे जाईल, म्हणून नोटीस याच महिन्यात जाऊ द्या.

प्रश्न : मी रावेरचा केळीबागायतदार. सात एकर आहे, फार मोठा नाही. जुलै 2025 मध्ये माझा ट्रॅक्टर बांधावरून उलटून ड्रायव्हरचा पाय मोडला, चार महिने घरी होता. दवाखाना मी केला. पगार 12,000. आता त्याचे नातेवाईक भरपाई मागतात. मी काही कारखानदार नाही, मला हा कायदा लागतो का? विमा फक्त ट्रॅक्टरचा आहे.

उत्तर : लागतो, दादा. ट्रॅक्टरने किंवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतला मजूर या कायद्याच्या यादीत आहे. मालक सात एकरवाला की सत्तर एकरवाला, याचा विचार कायदा करत नाही. तो कोणी करावा असं मला कधी कधी वाटतं, पण तुमच्या ड्रायव्हरच्या पायाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पाय पूर्ण बरा झाला असेल तर हे तात्पुरतं अपंगत्व. दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 3,000, चार महिन्यांचे साधारण 24,000. अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त काळ गेल्याने पहिल्या दिवसापासून धरायचे. दवाखाना केलात ते चांगलं केलंत, पण ते यातून वळतं करू नका. पाय आखूड राहिला असेल किंवा क्लच दाबता येत नसेल तर हिशोब वेगळा होईल. तेव्हा डॉक्टरांकडून कमाईची हानी किती टक्के ते लिहून घ्यावं लागेल.

आता ट्रॅक्टरची पॉलिसी कपाटातून काढा आणि चष्मा लावून वाचा. ड्रायव्हरची जबाबदारी बहुतेक वाहन पॉलिसींत असते आणि त्यासाठी वेगळा छोटा हप्ताही लावलेला दिसतो. तसं असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा, भरपाई तिच्याकडून येऊ शकते. कंपनी दोन गोष्टी विचारेल : ड्रायव्हरकडे लायसन्स होतं का, आणि ट्रॅक्टर त्यावेळी शेतीच्याच कामाला होता का? खरं तेच सांगा. ट्रॉलीत बसून जाणाऱ्या बायामाणसांना मात्र ही पॉलिसी साधारणपणे धरत नाही, त्यामुळे केळी कापायला माणसं नेताना त्यांना ट्रॉलीत बसवू नका.

नातेवाइकांना घरी बोलावून हिशोब मांडा आणि जमलं तर तडजोड आयुक्तांपुढे नोंदवून घ्या. नाहीतर आज देऊन झालेले पैसे उद्या दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याने पुन्हा मागितले जातील, आणि तुमच्याकडे दाखवायला फक्त त्यांच्या अंगठ्याचा स्टॅम्प असेल.